थायरॉईडचा ‘काठावरचा’ रिपोर्ट : गोळी घ्यावी की वाट पाहावी?

‘‘डॉक्टर, मला थायरॉईड निघालाय,’’ हे वाक्य आजकाल दवाखान्यांतून वरचेवर ऐकू येते. खरे म्हणजे थायरॉईड हे आजाराचे नाव नाही. आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात जन्मापासून असणारी ती एक ग्रंथी आहे. परंतु तिची रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावीही सहज होऊ लागली आहे आणि ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या पॅकेजमध्ये तर ती न मागताच केली जाते. मग रिपोर्ट हाती येतो. टी-३ नॉर्मल, टी-४ नॉर्मल, आणि टीएसएचपुढे ठळक अक्षरांत ६.८! शेजारी मर्यादा छापलेली असते ०.४ ते ४.०. त्यानंतर आणखी एक तपासणी होते. तिच्यात ‘अँटी टीपीओ’ नावाच्या प्रतिपिंडांचा आकडा ३४ च्या आत असायला हवा, तो ४०० येतो. झाले! घरात काळजीचे वातावरण पसरते. ‘आता जन्मभर गोळी’ असे कुणी म्हणतो, कुणी कोबी-फ्लॉवर बंद करायला सांगतो, तर कुणी हळूच कॅन्सरची शंका काढतो.

असा काठावरचा रिपोर्ट म्हणजे नेमके काय, त्यावर कोणी उपचार घ्यावेत, कोणी थांबावे आणि कोणी मुळीच थांबू नये, याची माहिती आजच्या लेखात करून घेऊ.

ग्रंथी आणि तिचा मुकादम

थायरॉईडला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेवर ती फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली असते. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. आहारातून मिळणारे आयोडीन वापरून ती टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरके तयार करते. शरीराचा कारभार किती वेगाने चालावा हे ही संप्रेरके ठरवतात. हृदयाचे ठोके, अंगातील उष्णता, आतड्यांची हालचाल, मासिक पाळी, रक्तातील कोलेस्टेरॉल, एवढ्या सर्वांवर त्यांचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर देखरेख करणारा मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला असतो. ती पीयूषिका ग्रंथी. थायरॉईडने काम करावे म्हणून ती जी हाक देते, तिचे नाव टीएसएच. मजुराचे काम बरोबर चालले असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो. काम मंदावले की तो आवाज चढवतो. म्हणजे टीएसएच वाढले याचा अर्थ थायरॉईड जास्त काम करते आहे असा नव्हे. उलट ती थोडी मागे पडते आहे, असा आहे. अनेक रुग्णांचा गोंधळ नेमका येथेच होतो.

हा मुकादम मोठा हळवा आहे. रक्तातील टी-४ निम्म्यावर आले तर टीएसएच दुपटीने वाढत नाही. ते सुमारे शंभरपटीने वाढते. त्यामुळे टी-४ मध्ये अगदी किंचित घट झाली आणि ते अजून नॉर्मलच्या आत असले, तरी टीएसएच दोनवरून सहा-सातवर जाते. आवाज चढला आहे, पण काम अद्याप पुरे पडते आहे, अशी ही स्थिती. वैद्यकात तिला ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ म्हणतात. आपण तिला थायरॉईडची सुप्त कमतरता म्हणू.

टीएसएच वाढलेले आणि टी-४ देखील कमी झालेले असेल, तर तो उघड आजार. तेथे गोळी हवीच, त्यात चर्चेला जागा नाही. आजचा विषय त्या आधीच्या पायरीचा आहे. या पायरीचेही दोन भाग पडतात : टीएसएच दहाच्या आत, आणि दहाच्या वर.

छापील मर्यादा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे

रिपोर्टावरील मर्यादा कशी ठरते? निरोगी माणसांचे रक्त तपासतात, आलेले आकडे क्रमाने मांडतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेथपर्यंत येतात तेथे रेघ मारतात. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही शंभरात दोन-तीन जण वरच्या रेघेच्या बाहेर राहणारच. शिवाय वय वाढते तसे टीएसएच आपोआप थोडे वर सरकते. पंचविशीच्या तरुणाला जो आकडा जास्त ठरेल, तो ऐंशीच्या आजोबांना साजेसा असू शकतो. रिपोर्टावर मात्र दोघांसाठी बहुधा एकच मर्यादा छापलेली असते.

प्रतिपिंडांच्या बाबतीत तर प्रत्येक लॅबोरेटरीच्या यंत्राप्रमाणे मर्यादा बदलते. कुठे ९, कुठे ३४, तर कुठे ६०. म्हणून शेजारणीच्या आकड्याशी आपल्या आकड्याची तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो.

पहिला आकडा शेवटचा नव्हे

टीएसएच दिवसभर एकसारखे राहत नाही. रात्री ते चढते आणि दुपारी उतरते. एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत तीस-चाळीस टक्के फरक पडणे अगदी शक्य आहे. एखाद्या मोठ्या आजारातून उठल्यावर काही आठवडे ते तात्पुरते वाढते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर देतात ते अमिओडेरोन, मानसिक आजारावर देतात ते लिथियम, या औषधांनीही ते वाढू शकते. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांत अनेक यंत्रे चुकीचे आकडे दाखवतात; खरे टीएसएच असते त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून अशा गोळ्या तपासणीपूर्वी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवाव्यात आणि लॅबोरेटरीत तसे सांगावे.

इस्रायलमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की ज्यांचे टीएसएच ५.५ ते १० च्या दरम्यान होते आणि ज्यांनी औषध घेतले नव्हते, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांचे टीएसएच पाच वर्षांच्या काळात पुन्हा तपासले तेव्हा नॉर्मल आले. एकाच रिपोर्टावर जन्माची गोळी सुरू करणे घाईचे का ठरते, हे यावरून लक्षात यावे.

तेव्हा टीएसएच दहाच्या आत असेल, रुग्ण गर्भवती नसेल आणि लक्षणे तीव्र नसतील, तर दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. शक्यतो त्याच लॅबोरेटरीत आणि सकाळच्याच वेळी. या वेळी टीएसएचबरोबर ‘फ्री टी-४’ तपासावे. पॅकेजमध्ये बहुधा एकूण टी-४ मोजलेले असते, आणि ते गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे उगीच वाढलेले दिसते. अँटी टीपीओ तपासणी एकदा केली की पुरे.

प्रतिपिंडे काय सांगतात?

बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. काही जणांत ही संरक्षक यंत्रणा गफलत करते आणि घरच्याच माणसाला चोर समजते. थायरॉईडवर असा रोख धरला गेला की ग्रंथीत हळूहळू दाह होतो आणि वर्षानुवर्षांनी तिचे काम मंदावते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली चार स्त्रियांच्या गलगंडांचा अभ्यास करून या विकाराचे वर्णन प्रथम केले. म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. मात्र त्यामागे शरीराचीच प्रतिपिंडे आहेत, हे समजायला १९५६ साल उजाडावे लागले.

ही प्रतिपिंडे वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत. भारतातील आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत आपली मुंबई होती आणि गोवाही होता. त्या पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात अँटी टीपीओ वाढलेले आढळले, तर थायरॉईडची सुप्त कमतरता ८ टक्के लोकांत दिसली. म्हणजे प्रतिपिंडे असलेल्यांची संख्या आजाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. अनेकांच्या रक्तात ती असतात आणि थायरॉईड आपले काम नेटाने करीत राहते.

मग या तपासणीचा उपयोग काय? ती आजच्या आजाराविषयी फारसे सांगत नाही; पुढच्या शक्यतेविषयी सांगते. इंग्लंडमधील व्हिकहॅम या भागातील लोकांची पाहणी १९७२ मध्ये सुरू झाली आणि वीस वर्षांनी त्याच लोकांची पुन्हा तपासणी झाली. १९९५ साली आलेले तिचे निष्कर्ष आजही वैद्यकात प्रमाण मानले जातात. ज्या स्त्रियांचे टीएसएचही वाढलेले होते आणि प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी वीस वर्षांत ५५ टक्के जणींना थायरॉईडची उघड कमतरता झाली. फक्त टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के, तर फक्त प्रतिपिंडे असलेल्यांत २७ टक्के होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. दोन्ही गोष्टी वाढलेल्या असतील तर धोका खरा आहे, लक्ष ठेवलेच पाहिजे. परंतु त्यांच्यातही वीस वर्षांनंतर शंभरातील ४५ जणींना उघड आजार झालेला नव्हता. म्हणून प्रतिपिंडे असणाऱ्यांनी वर्षातून एकदा टीएसएच तपासावे, हाच त्या रिपोर्टाचा सरळ अर्थ.

प्रतिपिंडांचा आकडा ४०० असो की १२००, त्यावरून गोळीची मात्रा ठरत नाही. तो आकडा खाली आणणे हे उपचाराचे उद्दिष्टही नाही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी तीच तपासणी करून पैसे घालवू नयेत. ही प्रतिपिंडे म्हणजे कॅन्सर नव्हे आणि हा आजार संसर्गाने पसरतही नाही. कुटुंबात मात्र त्याचा कल दिसतो. म्हणून आई किंवा बहिणीला असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

एकच आकडा, तीन माणसे

समजा, एकाच दिवशी तीन जणांचे रिपोर्ट आले आणि तिघांचेही टीएसएच ६.८, फ्री टी-४ नॉर्मल.

पहिली आहे सव्वीस वर्षांची सून. दोन महिन्यांची गर्भवती. हिच्या बाबतीत वाट पाहणे योग्य नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची थायरॉईड अजून कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. गर्भारपणात टीएसएचची मर्यादा खालीही येते. त्यामुळे सूनबाईंनी त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. बहुधा गोळी लगेच सुरू होईल. मूल व्हावे म्हणून प्रयत्न चालू असतील तरी हा रिपोर्ट दाखवायला उशीर करू नये. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला गर्भारपणात बहुधा जास्त मात्रा लागते. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे. गर्भारपणात गोळी ‘गरम पडेल’ म्हणून ती बंद करणे बाळाच्या मुळावर येऊ शकते.

मात्र टीएसएच पूर्ण नॉर्मल असून फक्त प्रतिपिंडे असतील तर? गर्भपात झालेल्या किंवा मूल होण्यात अडचण असलेल्या अशा स्त्रियांवर ब्रिटनमध्ये ‘टॅब्लेट’ नावाचा प्रयोग झाला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांत मूल जन्मण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच, ३७ ते ३८ टक्के, निघाले. म्हणजे येथे गोळीपेक्षा वेळोवेळी टीएसएच तपासत राहणे महत्त्वाचे. बाळंतपणानंतरच्या वर्षातही अशा स्त्रियांवर लक्ष ठेवावे. कारण त्या काळात थायरॉईडला दाह होऊन ती आधी जोरात आणि मग मंद चालण्याची शक्यता त्यांच्यात जास्त असते.

दुसरी आहे बेचाळीस वर्षांची शिक्षिका. थकवा आहे, वजन वाढले आहे, प्रतिपिंडेही वाढलेली आहेत. हिने दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. आकडा पुन्हा वाढलेलाच आला आणि लक्षणेही असतील, तर डॉक्टर काही महिने गोळी देऊन पाहू शकतात. टीएसएच नॉर्मल झाल्यावर तीन-चार महिन्यांतही बरे वाटले नाही, तर गोळी बंद करण्याचा विचार व्हावा. आपल्याकडे सुरू झालेली गोळी बंद करण्याची आठवण कुणालाच होत नाही. टीएसएच दहाच्या वर टिकून राहिले, तर मात्र या वयात बहुतेक डॉक्टर गोळीचाच सल्ला देतात. कारण पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो.

तिसरे आहेत शहात्तर वर्षांचे आजोबा. त्यांना बहुधा काहीच करायचे नाही. पासष्टच्या पुढील ७३७ लोकांवर युरोपात झालेल्या ‘ट्रस्ट’ नावाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. वर्षभरानंतर थकव्यात आणि इतर लक्षणांत काहीही फरक आढळला नाही. उलट या वयात मात्रा थोडी जरी जास्त झाली, तरी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

आकडा एकच, पण एकीला त्याच आठवड्यात औषध, दुसरीला धीर आणि तपासणी, तिसऱ्यांना फक्त नजर. रिपोर्ट वाचताना माणूस कोण आहे हे आधी पाहायचे, ते यासाठी.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी

थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठ, अंगदुखी, पाळीच्या तक्रारी ही सर्व लक्षणे थायरॉईडच्या कमतरतेत येतात हे खरे. पण ती आणखी दहा कारणांनीही येतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा थकलेल्या गृहिणीच्या टीएसएचकडे पाहताना तिच्या हिमोग्लोबिनकडेही पाहायला नको का? बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, अपुरी झोप, मनाची उदासीनता हीदेखील नेहमीची कारणे. काठावरच्या टीएसएचवर सगळे खापर फुटले की खरे दुखणे तसेच राहते आणि गोळी घेऊनही बाई थकलेलीच राहते.

वजनाविषयीही एक गैरसमज आहे. थायरॉईडची उघड कमतरता असली तरी तिच्यामुळे वाढणारे वजन साधारण दोन ते चार-पाच किलो असते आणि तेही मुख्यतः पाणी व मीठ साठल्यामुळे. पंधरा-वीस किलो वाढलेले वजन ६.८ च्या टीएसएचच्या माथी मारता येणार नाही. वजन उतरवण्यासाठी थायरॉईडची गोळी घेणे तर धोक्याचेच.

गोळी ठरलीच तर

लिव्होथायरॉक्सिन म्हणजे बाहेरून दिलेले टी-४ च. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. मात्र ते घेण्याची पद्धत सांभाळावी लागते. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत व या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे; नाहीतर गोळी अंगी लागत नाही. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून त्याआधी तपासणी करू नये. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतर गोळी घ्यावी. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणे असे काही झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्रा जास्त झालेली असू शकते.

खाण्याच्या बाबतीत फार पथ्य नाही. शिजवलेला कोबी, फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. पण ‘थायरॉईडसाठी’ म्हणून आयोडीनची किंवा समुद्रशेवाळाची जादा औषधे घेऊ नयेत. प्रतिपिंडे असलेल्यांत जास्तीच्या आयोडीनने थायरॉईड आणखी मंदावू शकते. सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रतिपिंडांचा आकडा काहीसा उतरतो, पण त्याने रुग्णाला फायदा होतो हे सिद्ध झालेले नाही.

हे लक्षात ठेवा

१) टीएसएच ४ ते १० च्या दरम्यान असून फ्री टी-४ नॉर्मल असल्यास घाबरू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

२) गर्भवती किंवा गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रियांनी वाट न पाहता लगेच डॉक्टरांना भेटावे.

३) टीएसएच दोनदा दहाच्या वर आले किंवा टी-४ कमी आले, तर उपचारांत टाळाटाळ नको.

४) प्रतिपिंडांची तपासणी एकदाच. ती वाढलेली असल्यास वर्षातून एकदा टीएसएच.

५) गळ्यात गाठ जाणवणे, आवाज बसून राहणे, गिळताना अडथळा येणे, यांपैकी काही असल्यास आकडा कितीही असो, गळा तपासून घ्यावा.

६) लहान मुलांना आणि नवजात बालकांना यातील काहीच लागू नाही. त्यांचा रिपोर्ट बिघडलेला असल्यास एक दिवसही न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

शेवटी एक कळकळीची सूचना. ज्यांच्या थायरॉईडची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांना उघड कमतरता असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी हा लेख वाचून आपली गोळी बंद करू नये. त्यांच्यासाठी ती रोजच्या जेवणाइतकीच आवश्यक आहे. आपण काठावर आहोत की काठापलीकडे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपला अगदी पहिला, गोळी सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट शोधून काढावा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जावे. जुने रिपोर्ट फेकू नयेत, फाईलला लावून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांचे ओळीने लावलेले आकडे डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगतात.